कलम पंचावन्न, पोट कमी एक

वकिलानं जाहिरात करायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला छत्तिसावा. वकिलाच्या दारावरची पाटीसुद्धा रास्त आकाराची असावी, असं तो सांगतो. रास्त म्हणजे किती बाय किती, ते सांगत नाही. सांगितलं असतं तर वाद घालायला काय उरलं असतं? अमुक प्रकारच्या कामात आपला हातखंडा आहे असं पाटीवर लिहायचं नाही, बार कौन्सिलवर कधी होतो तेही मिरवायचं नाही. २००८ साली दुरुस्ती होऊन वेबसाइटची मुभा मिळाली, पण तिथंही नाव, पत्ता, फोन, सनद, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढंच. म्हणजे लग्नाच्या बायोडाट्यातला मजकूर, उंची आणि रास वगळून.

आता नियम आहे म्हणून आमच्या सांगलीतले वकील गप्प बसलेत, असं कुणी समजू नये. गणपतीत मंडळांच्या फ्लेक्सवर खालच्या पट्टीत ‘शुभेच्छुक’ म्हणून निम्मा बार हजर असतो. मंडळाच्या अहवालात पानभर फोटो. गाडीच्या काचेवर पांढऱ्या बँडचं स्टिकर, स्कूटरच्या नंबरप्लेटवर नंबरापेक्षा मोठं ‘ॲड.’. दिवाळीत पक्षकारांना कॅलेंडर, त्यात तिथी बारीक आणि वकीलसाहेब ठळक. यातली कुठलीच गोष्ट जाहिरात नव्हे, ही सामाजिक बांधिलकी. जाहिरात म्हणजे फक्त दुसऱ्या वकिलानं मोबाइलवर टाकलेला व्हिडिओ.

तसा व्हिडिओ मीही टाकावा, ही कल्पना पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याची. दिवाळीच्या सुट्टीत आला, दुपारभर माझ्या ऑफिसात लोळला आणि म्हणाला,

“मामा, तुझ्याकडे कुणीच कसं येत नाही?”

“कोर्टाला सुट्टी आहे ना.”

“गणपतीत आलो होतो तेव्हा ‘गणपती आहेत ना’ म्हणाला होतास. तुझं ऑनलाइन काहीच नाही का?”

“आहे की. ई-कोर्टच्या साइटवर माझ्या केसेस दिसतात.”

“त्यात काय दिसतं?”

“पुढची तारीख.”

भाच्यानं कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर मलाही आतून खाज होती. माझ्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट बसतो. त्यानं मानदुखीचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केल्यापासून जिन्यात रांग लागते. रांगेतली माणसं माझ्या दारातल्या बाकावर बसतात, माझ्या माठातलं पाणी पितात आणि मान धरून वर जातात. एकालाही कधी वाटत नाही की आलोच आहोत तर एखादा दावा लावून जावा. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे वकील त्यासाठी वर्षानुवर्षं भांडत होते. सुरू झालं आणि बेंचपुढं अर्ज किती गेले ते माहीत नाही, इमारतीपुढं फोटो मात्र सगळ्यांनी काढले. माझाही आहे. त्यात इमारत छान आली आहे.

राहता राहिला नियम. तो मी आमच्या ज्युनिअर मॅडमना बघायला सांगितला. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं अहवाल दिला, “सर, कायद्याची माहिती द्यायला हरकत दिसत नाही. काम मागायचं नाही. मार्च २०२५मध्ये बार कौन्सिलनं पत्रक काढलंय. नट आणि इन्फ्लुएन्सर घेऊन वकिलीची जाहिरात केली तर कारवाई.”

“नट कुठं परवडतोय मामाला,” भाचा म्हणाला.

तेव्हा ठरलं की माहिती द्यायची, नंबर द्यायचा नाही. ‘या’ असं तोंडानं म्हणायचं नाही, चेहऱ्यावर मात्र ‘या’ असा भाव ठेवायचा. तो भाव मी भाच्याला करून दाखवला. “मामा, पोटात दुखतंय का?” त्यानं विचारलं.

रात्री घरी विषय म्हणून मी मृत्युपत्र सुचवलं. काय सुंदर विषय आहे! स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर सही आणि दोन साक्षीदार एवढ्यावर भागतं. आणि हे कुणालाही पटत नाही. पण स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, “अहो, सणासुदीचं, पहिल्याच व्हिडिओत मरण? जरा शुभ बोला.” भाच्यानंही मामीची री ओढली. त्याच्या मते मृत्यू हा शब्द आला की रीच पडते. रीच म्हणजे काय ते मी विचारलं नाही. पडते म्हटल्यावर गंभीरच असणार.

मग भाडेकरार. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, अशी सगळ्या महाराष्ट्राची समजूत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग मुदत कितीही असो. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. त्यानं कसूर केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि असा नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे शेवटचं वाक्य वाचकांनी नोंदवून ठेवावं. पुढं पुराव्यात येणार आहे.

चित्रीकरणाला आरंभीच पोशाखाचा मुद्दा उपस्थित झाला. भाच्याला कोट, बँड, गाऊन असं सगळं हवं होतं. बँड आणि गाऊन कोर्टाबाहेर चारचौघांत घालायला मनाई आहे, असं मॅडमनी सांगितलं. उरला कोट. ऑक्टोबरमधली सांगली, दुपारी तीनची वेळ, अंगात काळा कोट. आणि माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद.

माझ्यामागं कायद्याची पुस्तकं हवीत, यावर मात्र एकमत होतं. नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे जाडजूड खंड माझ्याकडं आहेत. हल्ली निकाल सगळे मोबाइलवर शोधतात, त्यामुळं या खंडांचं काम मागं उभं राहणं एवढंच उरलंय. २०१९च्या पुरात गावभागात पाणी शिरलं तेव्हा खालच्या फळीवरचे खंड भिजले. वाळल्यावर ते चांगले दीडपट फुगले. आता ते उघडत नाहीत. पानं एकमेकांना चिकटून बसलीत आणि कण्यावर चिखलाची एक सरळ रेघ आहे. “हेच लाव, हे जास्त विद्वान दिसतात,” असं म्हणून भाच्यानं नेमके तेच डोक्यामागं रचले.

मग उजेड. ऑफिसातल्या ट्यूबनं मला इतकी वर्षं कधी दगा दिला नव्हता. पण मोबाइल सुरू केला आणि माझ्या चेहऱ्यावरून काळे पट्टे खालून वर सरकायला लागले. भाच्यानं मला विज्ञान समजावलं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्यांना कळत नाही. मोबाइल सेकंदाला तीस चित्रं टिपतो, आणि शंभराला तीसनं पूर्ण भाग जात नाही. जी बाकी उरते, ती पट्टे होऊन माझ्या तोंडावर फिरते. त्यानं तिसाचे पंचवीस केले, पट्टे थांबले. एक मात्र माझ्या गालावर थांबला. शेवटी ट्यूब बंद करून गोल दिवा आणला, तर त्याची दोन वर्तुळं माझ्या चष्म्यात. चष्मा काढला तर संहिता दिसेना. म्हणून भाच्यानं अक्षरं मोठी केली, ती इतकी की पडद्यावर एका वेळी दोनच शब्द मावत होते. मी वाचत गेलो. नंतर पाहिलं तर माझे डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी जन्मभर लोकांच्या उलटतपासण्या घेत आलोय. हा साक्षीदार पढवून आणलेला आहे हे पहिल्या प्रश्नात सिद्ध केलं असतं.

भाच्याची दुसरी अट तीन सेकंदांची. पहिल्या तीन सेकंदांत बघणारा थांबला पाहिजे, नाहीतर अंगठ्यानं वर ढकलतो. आमच्या धंद्यात पहिली तीन वर्षं तर वकीलपत्र आणि समन्स बजावण्यात जातात. भारतात रील्स आले २०२० च्या जुलैत, तेव्हा पंधरा सेकंदांचे होते, आता काही मिनिटांपर्यंत चालतात. पण भाच्यानं मला दिले नव्वद सेकंद. मी सुरुवात केली, “महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, एकोणीसशे नव्व्याण्णव, कलम पंचावन्न, पोटकलम एक अन्वये...”

“कट! मामा, ते अन्वये काढ.”

“अन्वये काढल्यावर माझ्याकडे राहतं काय?”

“आणि सुरुवातीला धक्का दे. ‘घरमालकांनो, जेलमध्ये जायचंय का?’”

“‘कैदेच्या शिक्षेस पात्र ठरू शकता’ असं म्हणू.”

“सर, ‘परंतु’ जोडा,” मॅडम म्हणाल्या.

तडजोड ‘घरमालकांनो, सावधान!’वर झाली. पुढं मी सावधान म्हटलं की बाहेर लवंगी माळ लागायची. ती संपेपर्यंत घंटागाडी गाणं वाजवत यायची. ती गेली की जतचे एक पक्षकार फोन करायचे. त्यांची तारीख जानेवारीत आहे, पण ते रोज खात्री करून घेतात. एक टेक अगदी फक्कड होत आला होता. ‘नोंदवलेला करार नसेल, तर मालकांनो...’ एवढं मी म्हटलं आणि वरच्या मजल्यावरून छत फोडून आवाज आला, “श्वास सोडा!” मी नकळत सोडला. त्याच्या पुढच्या टेकला मोबाइलमधली जागा संपली, कारण भाच्याचा मोबाइल चार्जिंगला लावून आम्ही माझा घेतला होता आणि माझ्यात गुड मॉर्निंगचे गुलाब ठासून भरले होते. मी सवयीनं म्हणून टाकलं, “पुढची तारीख घे.”

शेवटी जो टेक निवडला, त्यात मी एकदाही अडखळलो नाही. पण आमचे कारकून फायली ठेवायला म्हणून आत आले होते. हलू नका अशी खूण केल्यावर ते पुस्तकांशेजारी हात बांधून पूर्ण नव्वद सेकंद कॅमेऱ्याकडं रोखून बघत उभे राहिले. कोर्टात उभं राहून राहून त्यांना ती सवय आहे. श्वास सोडा तेवढं त्यातही राहिलंच.

भाच्यानं चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर लावून पाहिला. मला २०२१ सालची टेक्सासमधली गोष्ट आठवली. ऑनलाइन सुनावणीत एका वकिलाच्या चेहऱ्याच्या जागी मांजरीचं पिल्लू आलं होतं आणि आपण मांजर नाही, हे त्याला न्यायाधीशांना सांगावं लागलं होतं. माझ्या बाबतीत फिल्टरनं सुरकुत्या, मिशी आणि हनुवटी एकदमच काढून टाकली. सौ.ला दाखवलं. ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, “मांजर बरं होतं.”

व्हिडिओ गेला. खालची अक्षरं मोबाइलनंच आवाज ऐकून घातली होती, ती कुणी तपासायची यावर आमची हद्द ठरलेली नव्हती. ‘पोटकलम एक’चं त्यानं ‘पोट कमी एक’ केलं. ‘दुय्यम निबंधक’ यांचं ‘दुय्यम निबंध’. आणि कायद्याच्या मराठीत लायसन्सला अनुज्ञप्ती म्हणतात, तिचं झालं ‘अनु झोपती’. पडद्यावर काळ्या कोटातला मी गंभीरपणे सांगतोय आणि खाली अक्षरं येताहेत की अनु झोपती करार लेखी असावा. पहिली प्रतिक्रिया आली, “अनु कोण?” दुसरी, “मागचे काका भारी.” तिसरी मिरजेच्या मावशीची, “बारीक झालास. जेवतोस ना?” चौथ्यानं पोट कमी करायचं औषध विचारलं होतं. भाडेकराराबद्दल एकही प्रश्न नव्हता.

पण व्ह्यूजचा आकडा वाढत होता. आणि आकडा ही फार वाईट चीज. युक्तिवाद चालू असताना मी विरोधी वकिलाचं न ऐकता खिशातला मोबाइल चाचपायला लागलो. मध्येच एकदा आकडा जैसे थे राहिला तर मला स्थगिती मिळाल्याचा आनंद होण्याऐवजी दुःख झालं.

बाररूममध्ये निषेध झाला. आमच्या एका ज्येष्ठांनी चहाचा कप बशीत ठेवून व्यवसायाच्या उदात्ततेवर बोलायला घेतलं. शेवटी मी ‘लाइक करा’ म्हटलंय हा गैरवर्तनाचा भाग होतो का, यावर तिथं जी चर्चा झाली, तशी हल्ली कोर्टातही होत नाही. एक गट म्हणाला, लाइक करा म्हणजे याचना. दुसरा म्हणाला, याचना नव्हे, विनंती. विनंती तर आपण प्रत्येक अर्जाच्या शेवटी करतो. ‘शेअर करा’ यावर निर्णय राखून ठेवला. उठताना ज्येष्ठांनी मला कोपऱ्यात घेतलं. मला वाटलं, आता समज देणार. त्यांनी माझ्या कॉलरला हात लावून विचारलं, “तो इथं लावायचा माइक कितीला मिळतो रे?”

रस्त्यात लोक थांबवायला लागले. “वकीलसाहेब, तुमचा व्हिडिओ बघितला.”

“कसा वाटला?”

“आवाज बंद होता. एसटीत होतो.”

थांबलेल्या प्रत्येकाला काहीतरी विचारायचं असायचं. कुणाचा बांध कोरलेला, कुणाच्या सातबाऱ्यावर मेलेल्या चुलत्याचं नाव, कुणाच्या गॅलरीत शेजाऱ्याचं कबूतर. विचारून झालं की म्हणायचे, “तुम्ही फुकट माहिती देता, हे लई चांगलं करता.” फिजिओथेरपिस्टचं बरं आहे. व्हिडिओ बघून मान सुटत नाही म्हणून त्याच्याकडं यावंच लागतं. माझा व्हिडिओ बघितल्यावर माणसाला कायदा कळतो आणि तो घरी जातो.

घरी न जाता थेट माझ्याकडं आलेला एकच दर्शक निघाला. आमचे ऑफिसचे मालक, अण्णा. त्यांनी व्हिडिओ टीव्हीवर मोठा करून सहकुटुंब बघितला होता. सकाळी सकाळीच येऊन माझ्यासमोर बसले.

“वकीलसाहेब, आपला करार कुठंय?”

“तो आपण तोंडी केला होता, अण्णा. चहा पिताना.”

“म्हणजे नोंदणी नाही. ती कुणी करायची असते म्हणालात?”

“कायद्यानं... मालकानं.”

“आणि आत कोण जातं?”

“अण्णा, ‘किंवा दंड’ असंही आहे त्यात.”

“ते असू दे. शेवटी अटींचं काय म्हणालात? नेमकं तिथंच कुणीतरी श्वास सोडा म्हणालं.”

मी सांगितलं. खोटं कसं सांगणार, व्हिडिओ जगभर होता. नोंदवलेला करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. अण्णा बराच वेळ फुगलेल्या खंडांकडं बघत बसले.

“म्हणजे उद्या तुम्ही म्हणालात, भाडं महिना शंभर रुपयेच ठरलंय...”

“मी कशाला असं म्हणेन!”

“तुम्ही वकील आहात,” अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसती वस्तुस्थिती होती.

करार त्याच आठवड्यात करायचा ठरला. इतकी वर्षं भाडं वाढवायचं राहून गेलंय, हेही अण्णांना त्या निमित्तानं आठवलं. मसुदा मीच केला. फी मागायला तोंड उघडलं तर अण्णा म्हणाले, “तुमचंच तर काम आहे.” मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, अनामतीचा हिशेब वेगळा, नोंदणी फी शहरात हजार रुपये. हल्ली हे सगळं ऑनलाइन होतं, त्यासाठी कोर्टाजवळच्या ई-नोंदणीवाल्या पोराला बोलावलं. त्याला छत्तिसावा नियम लागू नाही. त्याच्या दुकानाच्या शटरभर फ्लेक्स आहे, ‘भाडेकरार घरपोच’, त्यावर त्याचा गॉगल लावलेला फोटो आणि मोबाइल नंबर तीन ठिकाणी.

पोरानं लॅपटॉप उघडला, अंगठ्याचं यंत्र जोडलं. अण्णांचा अंगठा हळदीच्या व्यापारात झिजलेला, तो यंत्राला पटेना. तो पुसून, फुंकर मारून, दाबून घेतला. मग कॅमेरा माझ्याकडं वळवला. मी आपोआप हनुवटी किंचित वर केली, डावा खांदा पुढं घेतला आणि ‘या’चा भाव आणला.

“साहेब, हसू नका. सरळ बघा.”

मी सरळ बघितलं. पोरगा कळा दाबत म्हणाला, “तुमचा व्हिडिओ दुकानात लावूनच ठेवलाय. गिऱ्हाईक आलं की आधी तोच दाखवतो. सावधान म्हणता ना तुम्ही, तिथंच माणूस पाकीट काढतो. दिवाळीत माझा नुसता धडाका होता बघा. नवीन माणूस ठेवलाय कामाला.”

मी काहीच बोललो नाही.

“पुढचा कशावर काढताय?” त्यानं विचारलं.

“मृत्युपत्रावर.”

“त्याला नोंदणी लागते?”

“सक्तीची नाही. साध्या कागदावरही चालतं.”

पोरानं मान हलवली आणि अण्णांचा अंगठा पुन्हा यंत्रावर ठेवत म्हणाला, “मग तो जरा राहू द्या, साहेब. आधी बक्षीसपत्र घ्या ना.”